दोन बेल्ट, दोन तास

४ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. वेळ जात नाही म्हणून नव्हे. मोठी माणसं लिहितात म्हणून.

ती मला गाडी देऊन गेली.

देऊन म्हणजे तशी नाही. पण चावी माझ्या हातात ठेवली, आणि ठेवताना तिचं बोट माझ्या तळहाताला लागलं. डावा तळहात. आज त्याने जेवलो नाही (तसाही उजव्यानेच जेवतो).

ती म्हणजे वरच्या मजल्यावरची. हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिची दोन सिलिंडरची जुनी लाल मोटरसायकल कोपऱ्यावर वळली की मला आवाज कळतो. आईलाही कळतो, कारण ती लगेच माझ्याकडे बघते. वरची मला तुफान म्हणते. इथे सगळेच म्हणतात, पण बाकीचे चिडवतात.

ट्रेनिंगला चाललीय, पुढच्या रविवारी येईल. सोमवारी लगेच डोंगरापलीकडच्या नव्या हॉस्पिटलात रुजू व्हायला निघणार. कायमची. त्याआधी गाडीचे टायमिंग बेल्ट बदलायला झालेत, नवे आणलेत, असं जिन्यात म्हणाली. मी म्हटलं त्यात काय, मी बदलतो, दोन तासांचं काम. आधी कधी केलंयस का, म्हणाली. मी म्हटलं, केलंच आहे की. (व्हिडिओ तीनदा बघितलाय. बघणं म्हणजे निम्मं करणंच.)

मग म्हणाली, बदल, पण मी येईपर्यंत स्टार्ट करू नकोस.

यावर दुपारभर विचार केला. एकच अर्थ निघतो: पहिला आवाज तिला माझ्याबरोबर ऐकायचाय. पण मी तिचं ऐकणार नाही. उद्याच स्टार्ट करून व्हिडिओ पाठवणार. आणि सोमवारी ती निघताना, गाडी धडधडत असताना, तिला मनातलं सांगणार. आवाजात ऐकू गेलं तर गेलं. नाही गेलं तर मी काही बोललोच नव्हतो.

आईने मागच्या व्हरांड्यात गाडीला जागा करून दिली. स्वतः वॉशिंग मशीन सरकवलं. एरवी माझा एक बूट तिथे चालत नाही. आश्चर्य.

५ मे, सोमवार. सकाळ.

प्लॅन. दहा ते बारा बेल्ट. बारा वाजता अंघोळ. साडेबाराला व्हिडिओ पाठवणे.

दुपार.

साडेबाराला मी पहिल्या कव्हरचा शेवटचा स्क्रू शोधत होतो. मशीनखाली गेला. मशीन सरकवलं. स्क्रू नाही, कपड्यांचे चार चिमटे सापडले. आई खूश.

कव्हर निघालं. आत दोन काळे दातेरी पट्टे, एकेका सिलिंडरचा एकेक. इतके साधे की हसू आलं. मग मी वाचायला बसलो, ते चुकलं.

प्रकार असा आहे. पिस्टन वर येतो, व्हॉल्व खाली येतो. दोघांची जागा एकच, वेळ वेगळी. ती वेळ हा पट्टा सांभाळतो. पट्टा दात चुकवून बसला तर दोघे एकाच वेळी एकाच जागी. पुढचं फोटोंत होतं. वाकलेले व्हॉल्व. भोक पडलेला पिस्टन. एकाने लिहिलं होतं की त्याचं मागचं चाक चालत्या गाडीत जाम झालं. खाली लोकांनी विचारलं होतं, भाऊ, तुम्ही ठीक आहात ना? भाऊचं उत्तर नाही. तीन वर्षं झाली.

फोन बंद केला. वाचनाने माणूस हळवा होतो. पुस्तकांवर विश्वास नव्हता म्हणूनच मी कॉलेज सोडलं. (मी सोडलं. कॉलेजने मला नाही. तोंडी परीक्षेत सरांशी वाद झाला, मी दार आपटून निघालो, दाराची मूठ हातात आली. ती अजून माझ्या टेबलावर आहे. परत द्यायला गेलो तर माफी मागायला आलो असं दिसेल.)

संध्याकाळ.

आज फक्त खुणा. जुना बेल्ट काढण्याआधी बेल्टवर आणि तो ज्या दातेरी चाकावर बसतो त्या पुलीवर व्हाइटनरने खूण करायची, मग तीच नव्या बेल्टवर उतरवायची. कंपनीच्या स्वतःच्या खुणा आहेत पुलीवर, मोहरीएवढ्या. घाबरट माणसाने केलेल्या वाटतात. मी माझ्या केल्या. ठसठशीत, चांगल्या दोन दात व्यापणाऱ्या, जिन्यातून दिसतील अशा. शिवाय फोटो काढले. भरपूर.

कामावर निघताना बाबा थांबले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, इंजिनियरसाहेब, ही परत जोडण्याचाही व्हिडिओ असतो का? मी व्हाइटनरचं झाकण लावलं. ज्यांची ड्यूटी रात्रीची असते त्यांना दिवसातलं काय कळणार.

६ मे, मंगळवार

पुढच्या सिलिंडरचा बेल्ट काढला. काही झालं नाही.

मागचा सैल केला आणि पुली स्वतःहून फिरली. टक.

मी हात लावला नव्हता. गाडी बंद, चावी माझ्या खिशात, आणि आतून काहीतरी हललं. मी ओट्याला टेकून उभा होतो तेव्हा कळलं की मी स्वयंपाकघरापर्यंत पळत आलोय. हातात पाना. आई म्हणाली, भूक लागली का?

व्हिडिओ पुन्हा बघितला. आतल्या स्प्रिंगमुळे पुली उडते, हे सांगितलंय त्यात. मी तिथे पुढे ढकललं होतं. तो माणूस फार बोलतो.

पाणी प्यायलो. ही पानं लिहायला आत बसलो. इथवर शांत होतो.

नंतर.

अक्षर लागणार नाही.

बाहेर गेलो तर आईच्या हातात रॉकेलचा बोळा. चेहऱ्यावर समाधान. म्हणाली, लोकांच्या लेकीची गाडी, नीट पुसून द्यावी, किती पांढरे डाग पाडलेस त्या लोखंडावर. मागच्या पुलीचे झाले होते. पुढच्या पुलीला हात घालणार होती.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बाबा झोपेतून उठून खिडकीशी आले आणि कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी गेलो. ते बरं म्हणून परत झोपले.

आता फोटोंवर भिस्त. सगळे बघितले. सगळ्यांत मी आहे. पुली माझ्या कानामागे. एकात पुली स्पष्ट दिसते, पण तिच्यावर माझा अंगठा. एक फोटो मात्र खरंच चांगला आलाय, उजेड डावीकडून. तो तिला पाठवला. तिने लिहिलं, ग्लोव्ह्ज घाल. काळजी करते.

आई बोलत नाही. जेवायला वाढलं, पण ताट ठेवल्याचा आवाज वेगळा होता.

७ मे, बुधवार

मागचा बेल्ट बसवला. कंपनीच्या मोहरीएवढ्या खुणेवर. दुसरा उपाय नव्हता.

बाबांचा वाचायचा चष्मा पुलीसमोर धरला, टॉर्च दातांत. बेल्ट बसवला, खूण बघितली, पटेना, काढला. पुन्हा बसवला. पुन्हा. श्वास सोडला तर पुली उडेल असं वाटून श्वास धरला, मग डोळ्यांपुढे काजवे आले, आणि काजव्यांत खूण शोधणं अवघड. अख्खी सकाळ गेली. शर्ट पिळून वाळत घातला.

जेवून पुढचा बेल्ट. हा माझ्या स्वतःच्या खुणेवर. पाच मिनिटं. शीळ वाजवत. आईने एवढी एक खूण सोडली हे नशीब. मागच्या बेल्टची खात्री नाही, तो आईचा. पुढचा माझा. त्यावर माझी सही आहे म्हणा ना.

काही बिघडलं तर मागच्याने बिघडेल. हे इथे लिहून ठेवतो.

८ मे, गुरुवार

आज ताण. बेल्ट तारेसारखा छेडायचा, फोन जवळ धरायचा, अ‍ॅप आवाजावरून आकडा दाखवतं. एकशे दहा हवा. कमी आला तर बेल्ट सैल, चालता चालता दात उडी मारतो, पुढे तो फोटोतला पिस्टन. जास्त आला तर बेअरिंग खातो. म्हणजे दोन्हीकडून मरण, मध्ये एक आकडा.

मागचा छेडला. एकशे दहा. पुढचा छेडला. एकशे दहा. पहिल्याच फटक्यात दोन्ही. मला वाटतं मी संगीताकडे जायला हवं होतं.

मग सहज, काहीच न छेडता फोन धरला. एकशे दहा.

खिडकीपलीकडे बाबा झोपले होते. श्वास घेताना एकशे दहा, सोडताना साठ.

ते उठेपर्यंत गाडीकडे पाठ करून बसलो. मग पुन्हा मोजलं. एक फारच सैल, एक फारच ताठ. सैल घट्ट केला, घट्ट सैल केला. जमत आलं होतं, तेवढ्यात आईने वॉशिंग मशीन लावलं. आकडे नाचायला लागले. बोलणं बंद असल्यामुळे मशीन बंद कर म्हणता येईना. आतल्या बाबांना ओरडून सांगितलं की आईला सांगा. बाबा म्हणाले, ती तिथेच उभी आहे.

शेवटी एकशे आठ आणि एकशे तेरा. सरासरी उत्तम.

संध्याकाळी तिचा मेसेज. कसं चाललंय? मी लिहिलं, झालं, लोण्यासारखं.

पाठवल्यावर वाचून बघितलं. ‘झालं’ हा फार मोठा शब्द आहे.

९ मे, शुक्रवार

स्टार्ट करण्याआधी मागचं चाक हाताने फिरवून इंजिनाच्या दोन पूर्ण फेऱ्या घ्यायच्या आणि खुणा पुन्हा तपासायच्या. कुठे अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही. हे तो बोलघेवडा माणूस दोनदा सांगतो. या वेळी मी पुढे ढकललं नाही.

चाक फिरवलं. पाव फेरी गेलं आणि अडलं.

दगडाला अडावं तसं नाही. कुणीतरी आतून हात धरावा तसं. सोडलं तर चाक आपणहून थोडं मागे आलं.

आत व्हॉल्व पिस्टनवर टेकलाय. दुसरं काय असणार.

मी गाडीवर चादर टाकली. आई म्हणाली (तीन दिवसांनी पहिलं वाक्य), धुतलेली चादर होती ती.

१० मे, शनिवार

आज स्टार्ट करणार नाही. हवा दमट आहे. शिवाय शनिवारी लोक घरी असतात, आवाजाने त्रास होतो. शिवाय मला आठवलं, तिने स्वतः सांगितलं होतं की मी येईपर्यंत स्टार्ट करू नकोस. आणि मी शब्दाचा पक्का आहे. एका मुलीने विश्वासाने सांगितलं आणि मी व्हिडिओसाठी तो मोडणार होतो? लाज वाटली. त्या लाजेने दिवसभर बरं वाटलं.

संध्याकाळी नाही वाटलं.

ती सोमवारी डोंगर चढणार. मला ते वळण दिसतं. मी कधी गेलो नाही तिकडे, पण वळण दिसतं. उजवीकडे कडा, डावीकडे काही नाही. ती गाडी वाकवते तशी वाकवते, उजवा गुडघा बाहेर. आणि त्याच क्षणी माझा दात सरकतो. मागचं चाक जाम. इथपर्यंत येतो आणि परत पहिल्यापासून. जेवताना, अंघोळीला, सगळीकडे.

तिला खरं सांगावं का? सांगितलं तर मी संपलो. कॉलेजात संपलो, घरात संपलो, वरच्या मजल्यावर तेवढा अजून चालू आहे.

उद्या पहाटे उठून सगळं उघडणार, पहिल्यापासून बसवणार. पक्कं.

११ मे, रविवार

जाग आली तेव्हा ती आली होती.

मी अंगात ताप आहे म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. आईने आत येऊन कपाळाला हात लावला आणि जरा जास्त वेळ ठेवला. गार होतं कपाळ. ती गेल्यावर कान लावून ऐकलं. स्वयंपाकघरात दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मध्येच हसल्या. माझं नाव आलं, मग पुन्हा हसल्या.

दोन बायका एका मुलाचं नाव घेऊन हळू आवाजात हसतात ते कशासाठी, हे कळायला कॉलेज लागत नाही. आईला ती पसंत दिसते.

म्हणजे आता मला ती सून होण्याआधी मारायची नाहीये.

चावी माझ्याकडे आहे. चावीच दिली नाही तर? मोज्यात ठेवली. मोजा पायात. पाय चादरीत.

१२ मे, सोमवार

जसं घडलं तसं लिहितो. सजवत नाही.

सकाळी ती व्हरांड्यात उतरली, हातात हेल्मेट. मी गाडीपुढे उभा होतो, एका पायात मोजा. ती म्हणाली, ताप उतरला का, चावी दे. मी म्हटलं देणार नाही. ती म्हणाली उशीर होतोय. आई दारात येऊन उभी राहिली. मग माझं डोकं फिरलं, नेहमी फिरतं तसं, फक्त या वेळी आत राग नव्हता, भीती होती. तोंडातून जे निघालं ते असं:

"तू बसायचं नाहीस या गाडीवर. मागच्या खुणा पुसल्या गेल्या, ताण अंदाजाने लावलाय, चाक फिरवलं तर अडतंय. लोण्यासारखं वगैरे काही नाही. मला येत नाही हे. मी आधी कधीच केलेलं नाही."

तिने हेल्मेट काखेत धरलं. मग विचारलं, "चाक फिरवताना स्पार्क प्लग काढले होतेस?"

"नाही."

"मग अडणारच. आत हवा दाबली जाते. तेवढ्यासाठी ताप आला?"

मी म्हटलं, तरी बसू नकोस.

"मी बसतच नाहीये, तुफान. गाडी सामानाबरोबर टेम्पोत चाललीय. तिकडच्या वर्कशॉपमध्ये इंजिन उघडायची तारीख महिन्यापूर्वीच घेतलीय."

मी हेल्मेटकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, पॅक करायचं राहिलं.

मग मला का दिलीस, असं विचारलं. तिने आईकडे बघितलं. आई चिमटे मोजायला लागली.

"काकू म्हणाल्या, पोरगं दिवसभर खोलीत धुमसत बसतं, हाताला काहीतरी काम दे. तिकडे बेल्ट निघणारच होते. म्हटलं, तेवढा तुझा हात चालेल. फक्त स्टार्ट करू नकोस म्हणून सांगितलं होतं."

मोज्यातून चावी काढून दिली. गरम होती. तिने दोन बोटांनी घेतली.

फळीवरून गाडी चढवायला मीच मागून ढकलली. टेम्पो सुरू झाला, फार आवाज करत. ती पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. प्लॅन प्लॅनच असतो, म्हणून मी खिडकीशी गेलो आणि त्या आवाजात मनातलं सांगून टाकलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. काय म्हणालात, म्हणाला.

मी म्हटलं, वळणावर हळू चालवा.

१४ मे, बुधवार

वर्कशॉपमध्ये गाडी उघडली. मेसेज आला. आईच्या फोनवर.

आईने चष्मा लावून मोठ्याने वाचला, बाबांनाही उठवून: "काकू, मागचा बेल्ट अगदी बरोबर बसलाय, मेकॅनिकने दोनदा बघितलं. पुढचा एक दात चुकलाय, त्यावर कुणीतरी व्हाइटनरचा मोठा डाग पाडलाय. स्टार्ट केली असती तर सांगता येत नव्हतं. तो घाबरला म्हणून गाडी वाचली. त्याला थँक्स सांगा."

मागचा बरोबर. जो मी घाबरत घाबरत बसवला तो. पुढचा माझा, शीळ वाजवत. हे मी आधीच्या पानावर उलटं लिहून ठेवलंय. ते पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला तिचं ‘ग्लोव्ह्ज घाल’ आहे.

आई म्हणाली, "मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, तू निर्धास्त जा, स्टार्ट करण्यापर्यंत तो जायचा नाही. आमचं बाळ कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाही."

कौतुकाने म्हणाली. ते जास्त लागलं.

जुने बेल्ट मी आठवण म्हणून उशीखाली ठेवले होते. सकाळी एक दिसेना. आईने घडी घालून वॉशिंग मशीनच्या आखूड पायाखाली सारलाय. मशीन लावलं. आत्तापर्यंत ते व्हरांडाभर चालत जायचं. आज जागचं हललं नाही.

बाबा खिडकीतून म्हणाले, व्वा इंजिनियरसाहेब, टायमिंग जमलं.

दुसरा बेल्ट मी उशीखालून काढून दाराच्या मुठीशेजारी ठेवला. उद्या मूठ कॉलेजात परत देऊन येणार.

उद्या नको, उद्या गुरुवार. सोमवारी.